उसंत

लॉगबुकाच्या शेवटच्या पानावर बेरीज अजून मांडलेली नाही.
कालिंदी म्हणते, करून टाका एकदा, पेनातली शाई वाळेल.
एकूण उड्डाणतास: कोरे.

खडकवासल्याच्या पाण्यात शिडाची होडी उलटली
तेव्हा मी सतरा वर्षांचा,
भोरच्या एसटी डेपोतल्या मेकॅनिकचा पोरगा,
पोहणं येत होतं ते नीरेच्या डोहापुरतं.
काठावरून उस्ताद ओरडला,
खुटवड, होडी सोडू नकोस!
पुढे अठ्ठावीस वर्षं हुकूम पुष्कळ आले,
पाठ राहिला तो एवढाच.

सुट्टीवर गेलो की वडील माझे हात हुंगायचे.
तीन वर्षं नुसता पॉलिशचा वास.
कोचीहून आलो त्या खेपेला आला,
ग्रीसचा.
म्हणाले, हं. म्हणजे आपलंच खातं.

चेतक. नाव घोड्याचं, आवाज पिठाच्या गिरणीचा.
जहाजाच्या मागच्या अंगणात ते उतरवायचं,
आणि अंगण डावीकडे कलतं, उजवीकडे कलतं,
खाली जातं, अचानक तोंडावर येतं.
शिकवणारा सांगायचा, तीन मोठ्या लाटा जाऊ दे.
मग जहाज क्षणभर दमतं.
त्या दमण्यात ठेव.
आपटू नको रे, ठेव.
हे मी आधी पाहिलेलं होतं:
आई तव्यावर भाकरी टाकायची
तेव्हा तिचं मनगट असंच थांबायचं,
पीठ फाटू नये एवढंच.

मस्करेन्हस लाटा माझ्याहून छान मोजायचा.
वेरावळच्या पुढे एका सकाळी
त्याच्याकडून रेडिओवर अर्धंच वाक्य आलं.
दोन दिवस आम्ही चौकोन आखून पाणी चाळलं.
एक हेल्मेट. पट्ट्याला त्याच्याच हातची गाठ.
लॉगबुकात त्याचे नऊ तास वीस मिनिटं आहेत,
कामाच्या रकान्यात लिहिलंय: शोध.
पुढे काय झालं, त्याला रकाना नाही.

वादळातले अकरा कोळी मात्र वर घेतले.
दहा पटापट आले, एकजण माझ्या बुटांवर ओकलाही.
अकरावा म्हातारा दोराला हात लावीना.
होडी धरून बसलेला.
त्यालाही लहानपणी कुणीतरी ओरडून सांगितलं असणार.

मग वानवडीच्या लष्करी दवाखान्यात
एका पोरसवद्या डॉक्टरने
डाव्या कानात घंटी वाजवली,
मी म्हटलं, वाजवा ना.
त्याने कागदावर काहीतरी लिहिलं.
तिथून पुढे टेबल.
टेबल हलत नाही, हीच त्याची अडचण.

आता वारज्यात तिसरा मजला.
आरमारातला माणूस आणि समुद्र नसलेल्या गावात,
हा विनोद मेहुण्याने सात वेळा केला.
सोसायटीने लिफ्टची जबाबदारी दिली आहे,
विमानाचं कळतं म्हणजे हेही कळेल म्हणून.
गच्चीवर गेलं की धरणाकडची टेकडी दिसते.
पाणी तिच्या पलीकडे. दिसत नाही, पण आहे.

काल माळवाडीच्या चौकात सिग्नल बंद होता.
कालिंदीचा गुडघा नवा, पिशवीत दोन किलो मटार.
मी तिचं मनगट धरलं आणि थांबलो.
पीएमपीची बस गेली.
सिमेंटचा मिक्सर गेला.
क्लासच्या पोरांची स्कूटरवरची अख्खी झुंड गेली.
मागचा माणूस म्हणाला, काका, जायचंय का उभंच राहायचंय?
आणि तेवढ्यात रस्ता दमला.
म्हटलं, आता.

पलीकडच्या फुटपाथवर तिने मला बघितलं,
पिशवी या हातातून त्या हातात घेतली,
विचारलं,
हे धरायचं का तासांत?
मी म्हटलं, बघू.